दोन झेरॉक्स, दोन पट्ट्या आणि चौदा जणांचा क्वायर

पत्र

ताई, नमस्कार.

वसईतल्या एका धर्मग्रामात गेल्या वर्षापासून मी क्वायर सांभाळतो. आधीचे मास्तर वयामुळे थांबले आणि 'याला कीबोर्ड येतो' एवढ्या भांडवलावर काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही चौदा जण आहोत. बायकांत सहा सोप्रानो (उंच आवाज) आणि चार आल्टो (खालचा), पुरुषांत दोन टेनर (उंच) आणि दोन बास (खालचा). सगळे हौशी. चार-पाच जणांना स्टाफ नोटेशन वाचता येतं, बाकीचे ऐकून बसवतात. मराठी गीतं आमची चांगली होतात, पण यंदा फादर म्हणाले, नाताळला आणि ईस्टरला एखादं जुनं लॅटिनही होऊ द्या.

मी सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपीय संगीतकारांची तीन निवडली. पालेस्त्रीनाचं 'सिकुत चेर्वुस', व्हिक्तोरियाचं 'ओ मान्युम मिस्तेरिउम' आणि विल्यम बर्डचं 'आवे वेरुम कोर्पुस'. इंटरनेटवर शोधायला बसलो आणि घोटाळा झाला. एकट्या व्हिक्तोरियाच्या पाच प्रती मिळाल्या, पाचही वेगळ्या. एकीत एक फ्लॅट (स्वर उतरवण्याची खूण), दुसरीत तीन. एकीत सगळ्या पांढऱ्या नोटा, दुसरीत काळ्या. एकीत काही नोटांच्या डोक्यावर बारीक शार्प (स्वर चढवण्याची खूण), तर एकीत जागोजागी 'हळू', 'वाढवत', 'जोरात'. त्यात एका सोप्रानोने घरून स्वतःची प्रत आणली आणि अर्धी प्रॅक्टिस 'माझ्याकडे असं नाहीये' यातच गेली.

यातली खरी प्रत कुठली? ती मिळते कुठे? विकत घ्यायला निधी नाही. आणि झेरॉक्स काढणं कायद्यात बसतं का?

— गोंधळलेला क्वायरमास्तर, वसई

उत्तर

तुमच्या पाचही प्रती बरोबर असू शकतात. हे ऐकून बरं वाटणार नाही, पण इथूनच सुरुवात करावी लागेल.

व्हिक्तोरियाचं हे मोटेट, म्हणजे लॅटिन धार्मिक शब्दांवरची अनेक आवाजांची रचना, १५७२ साली व्हेनिसमध्ये छापलं गेलं, तेव्हा चार आवाज एकाखाली एक मांडलेलं पान कुणाच्याच हातात नव्हतं. सोप्रानोची पुस्तिका वेगळी, आल्टोची वेगळी, टेनरची आणि बासचीही वेगळी. शेजारचा काय गातोय ते कानांनी समजून घ्यायचं. मात्रांचे गट पाडणाऱ्या बारच्या उभ्या रेघा नव्हत्या. लय किती, आवाज कुठे वाढवायचा, याबद्दल अक्षरही नव्हतं. शब्द पुन्हा म्हणायचे असतील तिथे बहुतेक वेळा नुसती दोन अक्षरी खूण असे, आणि कुठलं अक्षर कुठल्या नोटेवर बसवायचं ते गाणाऱ्याने पाहून घ्यायचं. तुमच्या हातातलं नीटस पान कुणीतरी या चार पुस्तिका समोर ठेवून जुळवलेलं आहे. तो संपादक. तुमचं पत्र व्हिक्तोरियाबद्दल कमी आणि या संपादकाबद्दल जास्त आहे.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला तो शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. पैठणला हे काम चाललं होतं त्या काळात पालेस्त्रीना आणि व्हिक्तोरिया दोघेही रोममध्ये होते. आपल्या पदरची ओवी ज्ञानेश्वरीत घुसवणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवणं, असं नाथांनी बजावून ठेवलंय. शीट म्युझिक निवडताना हाच चष्मा लावा. ताटातलं अमृत कुठलं आणि कुणी ठेवलेली नरोटी कुठली, हे ज्या प्रतीत सरळ दिसतं ती चांगली प्रत. नरोटी असायला हरकत नाही, फक्त ती ओळखू यायला हवी.

आता जागा. पैसे न देता मिळणाऱ्या दोन मोठ्या जागा आहेत आणि दोघींचा स्वभाव वेगळा आहे. पहिली कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी, जिला सगळे सीपीडीएल म्हणतात. १९९८ च्या डिसेंबरमध्ये ती सुरू झाली. इथली पानं जगभरच्या हौशी आणि जाणत्या लोकांनी संगणकावर नव्याने उतरवलेली असतात. म्हणून ती स्वच्छ, आजच्या क्लेफमध्ये (कुठल्या रेघेवर कुठला स्वर ते सांगणारं सुरुवातीचं चिन्ह), छापून लगेच वापरता येतील अशी. पण उतरवणारा कुणीही असू शकतो. त्यात लॅटिन आणि जुनी लिपी कोळून प्यायलेले लोक आहेत, तसेच एका सुट्टीच्या दुपारी घाईत टाइप करून मोकळे झालेलेही आहेत. दुसरी जागा आयएमएसएलपी, म्हणजे इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट. ती २००६ साली सुरू झाली आणि पेत्रुच्ची या नावानेही ओळखली जाते, कारण १५०१ साली व्हेनिसमध्ये अनेक आवाजांचं संगीत पहिल्यांदा सुट्या खिळ्यांनी छापणारा तो ओत्ताव्हिआनो पेत्रुच्ची. इथे मुख्यतः जुन्या छापील ग्रंथांचे स्कॅन मिळतात. पालेस्त्रीनाचं समग्र संगीत जर्मनीत १८६२ ते १९०७ या काळात ३३ खंडांत निघालं, व्हिक्तोरियाचं फेलिपे पेद्रेल यांनी १९०२ ते १९१३ मध्ये ८ खंडांत काढलं. हे सगळं तिथे आहे.

गाण्यासाठी सीपीडीएल आणि खात्री करण्यासाठी आयएमएसएलपी, अशी मी वाटणी करते. त्या जुन्या खंडांवरून थेट क्वायरला शिकवायला जाऊ नका. त्यांत सोप्रानो, आल्टो आणि टेनर यांना वेगवेगळ्या रेघेवर बसणारा 'सी' क्लेफ असतो आणि तुमच्या वाचणाऱ्या चार जणांचंही डोकं गरगरेल. तुम्हाला मात्र एवढं ठाऊक असलं की पुरे : त्या चिन्हाचा मध्य ज्या रेघेवर, ती रेघ म्हणजे कीबोर्डवरचा मधला सी. शंका आलेला एखादा बार तेवढ्यावर ताडून पाहता येतो.

शोधताना मोटेटच्या पहिल्या ओळीबरोबर संगीतकाराचं नाव आणि आवाजांची संख्या हवीच. 'ओ मान्युम मिस्तेरिउम' हे नाताळच्या पहाटेच्या उपासनेतले शब्द, त्यामुळे ते अनेकांनी बांधलेत. पालेस्त्रीनाचं सहा आवाजांचं आहे, बर्डचं वेगळं आहे, आणि अमेरिकेतल्या मॉर्टन लॉरिडसन यांचं १९९४ चं तर आजही हक्काधीन आहे. 'आवे वेरुम' टाकलंत की आधी मोझार्ट पुढे येईल. नावांचे अवतारही लक्षात ठेवा. लास्सो, लास्सुस, ऑर्लांदो, ऑर्लांद हा एकच गृहस्थ. व्हिक्तोरिया इटलीत छापला की व्हित्तोरिया होतो.

आणि नाव मोठं दिसलं म्हणून भुलू नका. आर्काडेल्टचं म्हणून जगभर गायलं जाणारं 'आवे मारिया' तुमच्याही जुन्या फाइलमध्ये असेल. ते १६व्या शतकातलं नाहीच. आर्काडेल्टच्या एका फ्रेंच शृंगारगीताच्या चालीवर पिएर-लुई दीत्श या माणसाने १८४० च्या सुमारास ते बेतलं. गायला गोड आहे, मी स्वतः गायलेय, पण कार्यक्रमपत्रिकेवर 'रेनेसाँस' लिहून गायलं तर एखादा जाणकार श्रोता गालात हसेल. व्हिक्तोरियाच्या नावावर खपणारं चार आवाजांचं 'आवे मारिया'ही असंच संशयित आहे. त्याच्या हयातीत निघालेल्या ग्रंथांत ते नाही.

प्रत उघडलीत की आधी सुरुवातीचा कोपरा पाहा. पहिल्या ओळीच्या डावीकडे, खऱ्या संगीताच्या आधी, छोटासा तुकडा असतो का? मूळ पुस्तिकेतला क्लेफ, मूळ फ्लॅट, पहिली नोट. असा तुकडा देणारा संपादक पत्ते उघडे टाकून खेळतोय. मग टिपा वाचा. मूळ कुठून घेतलं, पट्टी बदलली का, नोटांच्या किमती, म्हणजे लिहिलेली लांबी, अर्ध्या केल्या का. सीपीडीएलवर प्रत्येक प्रतीखाली संपादकाचं नाव, तारीख, क्रमांक आणि अशी टीप असते. लोक ती वाचत नाहीत, थेट पीडीएफवर बोट ठेवतात. तुमच्या प्रश्नातला निम्मा गोंधळ त्या दोन ओळींत सुटला असता. पांढऱ्या नोटांची प्रत म्हणजे मूळ किमती ठेवलेली, काळ्यांची म्हणजे अर्ध्या केलेली. लय दोन्हींत तीच. पांढऱ्या नोटा दिसल्या की हौशी माणूस उगाच रडका संथपणा आणतो, तेवढं सांभाळा. एक फ्लॅटवाली प्रत मूळ लेखनाच्या पट्टीत आहे, तीन फ्लॅटवाली एक पूर्ण स्वर खाली उतरवलेली.

आणि ते 'हळू', 'वाढवत', 'जोरात'? सगळ्या नरोट्या. १६व्या शतकातल्या छापील पुस्तिकेत असलं काही नसे. १९व्या शतकातल्या संपादकांना राहवलं नाही. व्हाइटनरने खोडा, किंवा ती प्रत सोडून द्या.

पट्टीवरून तुम्ही जितके घाबरलात तितकं घाबरायचं कारण नाही, आणि हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे. आपल्या गाण्यात सा कुठे असतो? गाणाऱ्याच्या गळ्यात. काळी एक, काळी चार, पांढरी पाच, जिथे सोसेल तिथे तंबोरा लावायचा. त्या काळच्या चर्चमध्येही आजच्यासारखा जगभर ठरलेला स्वर नव्हता. कागदावरचा 'जी' स्वर म्हणजे सगळीकडे सारखा ऐकू येणारा 'जी' नव्हे. शिवाय काही रचना उंच क्लेफच्या एका जुळणीत लिहीत, इटालियनमध्ये तिला क्याव्हेत्ते म्हणतात, आणि त्या चौथ्या किंवा पाचव्या स्वराइतक्या खाली गायच्या अशी वहिवाट होती. पालेस्त्रीनाची प्रसिद्ध मिस्सा (कॅथलिक उपासना आणि तिचं संगीत) 'मिस्सा पापे मार्चेल्ली', १५६७ साली छापलेली, याच उंच क्लेफांत आहे. म्हणून एक जण ती इथे गातो आणि दुसरा बरीच खाली, आणि दोघांकडेही कारण असतं.

तेव्हा 'मूळ पट्टी कुठली' हे विचारू नका. तुमच्या आल्टोंपैकी सर्वांत खाली जाणारीला बोलवा, दोन टेनरांपैकी सर्वांत वर जाणाऱ्याला बोलवा, आणि त्या मोटेटमधली त्यांची टोकाची नोट कीबोर्डवर वाजवून त्यांच्याकडून गाऊन घ्या. आल्टो इथे नेहमी रडतात, कारण तेव्हा तो भाग पुरुषांचा होता आणि बायकांना तो खाली पडतो. पट्टी एक स्वर वर नेली की आल्टो हसतात आणि टेनर रडतात. तुमच्याकडे टेनर दोनच, तर एका खालच्या आल्टोला सरळ टेनरच्या ओळीवर बसवा. ठरलेल्या पट्टीची प्रत तयार मिळाली तर उत्तम, नाहीतर सीपीडीएलवरच्या बऱ्याच प्रतींबरोबर म्युझिकएक्सएमएल, म्हणजे संगणकावर बदलता येणारी, फाइल असते. ती म्यूझस्कोअर या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा, हवी ती पट्टी करा, छापा. त्यातूनच प्रत्येक आवाज मोठा आणि बाकीचे मंद अशा चार ऑडिओ फाइल काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. तुमचे ऐकून बसवणारे दहा जण याच्यावरच तरतील.

आता डोक्यावरचे बारीक शार्प. इथे जरा थांबते, कारण याच्यात माझे स्वतःचे हात पोळलेत.

भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, पण कुठलाही गवई पुस्तकातले स्वर जसेच्या तसे गात नाही. कुठे कण घ्यायचा, कुठे मींड, ते तालमीत मिळतं. १६व्या शतकातल्या गायकाचंही तसंच होतं. ओळ थांब्यावर येताना शेवटच्या स्वराच्या खालचा स्वर अर्ध्याने चढवायचा, किंवा दोन स्वर एकमेकांना टोचताहेत असं दिसलं तर एक उतरवायचा, हे तो न लिहिता करायचा. लिहिणं म्हणजे जवळजवळ त्याच्या तालमीचा अपमान. आपल्याला ती तालीम नाही, म्हणून संपादक तो शार्प नोटेच्या डोक्यावर बारीक छापतो. ओळीत, नोटेच्या शेजारी असेल तो मूळ छापातला आणि डोक्यावर असेल तो संपादकाच्या मताचा, असा चांगल्या प्रतींचा संकेत आहे. वाईट प्रतीत दोन्ही एकाच रांगेत बसवलेले असतात आणि मग नरोटी ओळखायची सोय उरत नाही. डोक्यावरचे शार्प बहुतेक वेळा गायचेच असतात. पण दोन जाणकार संपादक एकाच जागी वेगळं मत देऊ शकतात, आणि तुमच्या त्या सोप्रानोच्या घरच्या प्रतीत नेमकं तेच झालं असणार.

मी तिशीत असताना एका हौशी क्वायरला हेच व्हिक्तोरियाचं मोटेट शिकवत होते. झेरॉक्स कमी पडल्या, कुणीतरी भलत्याच प्रतीवरून आणखी सहा काढून आणल्या, पाच मिनिटं चाळून मी म्हटलं, सारखीच आहे. प्रॅक्टिसला चुकून सगळे शेजारच्याचं पाहून गायले. कार्यक्रमात मात्र दिवे लागले, माणसं अंतरावर उभी राहिली, आणि एका थांब्यावर निम्म्या सोप्रानोंनी स्वर चढवला, निम्म्यांनी नाही. तो आवाज अजून कानात आहे, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा आले आणि अगदी आदराने म्हणाले, "मधे एक फार आधुनिक जागा होती. मुद्दाम होती का?" मी हो म्हणाले. देव क्षमा करो.

तेव्हापासून माझा नियम एकच. एका रचनेची एकच प्रत, तिच्यावर बार क्रमांक छापलेले, वरच्या कोपऱ्यात संपादकाचं नाव आणि सीपीडीएलचा क्रमांक, आणि झेरॉक्स मीच काढणार. घरून आणलेली प्रत घरी. तुमच्या त्या सोप्रानोला दुखवू नका. तिला दोन्ही प्रती द्या आणि कुठे कुठे वेगळ्या आहेत ते पेन्सिलने खुणा करून आणायला सांगा. घरी बसून प्रत शोधणारी माणसं क्वायरमध्ये फार नसतात, आणि अशा दोन स्वतंत्र प्रती ताडून पाहणं हाच टायपिंगच्या चुका पकडायचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. फरक सापडला की जुन्या खंडात बघायचं. तिथेही समाधान झालं नाही तर मूळ पुस्तिकांचे फोटो असतात. म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट लायब्ररीने आपल्याकडचे १६व्या शतकातले बरेच संगीतग्रंथ डिजिटल करून खुले ठेवलेत. हाताने लिहिलेल्या जुन्या पोथ्यांसाठी ऑक्सफर्डचा डीआयएएमएम हा संग्रह आहे, पण तुमच्या तीन रचनांसाठी इतकं खोल जायची गरज पडणार नाही.

त्या तीन रचनांबद्दल. क्रम मी बदलेन. आधी बर्ड घ्या. 'आवे वेरुम'मध्ये चारही आवाज सुरुवातीला एकत्र शब्द उच्चारतात, म्हणून न वाचणाऱ्यांना धरून राहता येतं. पण याच्यात सुरुवातीच्याच काही बारमध्ये एका आवाजात चढा स्वर आणि पाठोपाठ दुसऱ्या आवाजात तोच स्वर उतरलेला, असा खटका आहे. इंग्रज संगीतकारांना हा खटका फार प्रिय होता. तो चूक समजून गुळगुळीत केलेल्या जुन्या प्रती असतात, त्या टाळा. गाताना क्वायरही म्हणेल, मास्तर, चुकतंय. चुकत नाही. शेवटचा 'ओ दुल्चिस' पासूनचा भाग पुन्हा गायचा असतो, प्रतीत ती पुनरावृत्ती आहे ना ते पाहून घ्या.

बर्डबद्दल आणखी एक, कारण तुम्ही वसईचे. ख्रिस्तपुराणाचे फादर थॉमस स्टीफन्स कॅथलिक म्हणून इंग्लंड सोडून १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली ते मराठी पुराण छापून निघालं. त्यांनी मागे टाकलेल्या त्याच इंग्लंडमध्ये बर्ड राहिला. कॅथलिक असून राणीच्या चॅपलमध्ये नोकरी करत आणि घरात लपून होणाऱ्या मिस्सांसाठी संगीत लिहीत. त्याच्या तिन्ही मिस्सा १५९० च्या दशकात मुखपृष्ठाशिवाय, छापणाऱ्याच्या नावाशिवाय निघाल्या. 'आवे वेरुम' ज्या संग्रहात आहे तो 'ग्रादुआलिया' १६०५ चा, आणि बर्डची ही पुस्तकं जवळ सापडली म्हणून लंडनमध्ये त्याच साली एका फ्रेंच माणसाला तुरुंगात टाकलं होतं. तुम्हाला ती एका क्लिकवर मिळताहेत आणि तक्रार काय, तर जास्त मिळाल्या.

दुसरं व्हिक्तोरिया. सोप्रानो एकट्या सुरू करतात, मग आल्टो तीच ओळ धरतात. तुमच्या सहा सोप्रानो असल्याने हे जमेल. लक्ष द्यायची जागा शेवटचं 'आलेलुया'. तिथे लय तिनाची होते आणि अखेरीस पुन्हा दोनाची. जुन्या ठेक्याशी नव्या ठेक्याचं नातं काय, ते संपादक डोक्यावर 'ही नोट बरोबर ती नोट' असं लिहितो. ज्या प्रतीत ते लिहिलेलंच नाही तिच्यावर तुमचा क्वायर त्या वळणावर आडवा पडेल. निधी कधी जमलाच तर एकच पुस्तक सुचवते. चेस्टर बुक्स ऑफ मोटेट्स या अँथनी पेट्टी संपादित मालेतला तिसरा भाग, स्पॅनिश संगीतकारांचा, चार आवाजांचा. विकतच्या छापील प्रतींत दर वेळी जादूच असते असं नाही, पण टिपा, शब्दांचे अर्थ आणि सगळ्यांकडे एकच पान क्रमांक, एवढं सुख तरी मिळतं.

'सिकुत चेर्वुस' शेवटी, ईस्टरला. हरिणी पाण्याच्या झऱ्यासाठी तळमळते तसा जीव देवासाठी तळमळतो, हे स्तोत्र ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्माकुंडाच्या आशीर्वादाचं. जागा अगदी नेमकी आहे. पण रचना सुरू होते टेनरने, आणि तुमचे टेनर दोन. त्यांना दोन महिने आधी ही ओळ द्या. दुसरं, याला पुढचा भाग आहे, 'सितीव्हित आनिमा मेआ'. कित्येक प्रतींत तो नसतो आणि लोकांना तो असतो हेही ठाऊक नसतं. पहिला भाग एकटा गायला तरी चालतं, फक्त ते ठरवून करा.

हे सगळं जड वाटलं तर चौथा पर्याय ठेवा. लास्सोने १५७७ साली दोन-दोन आवाजांच्या २४ रचना छापल्या, त्यांतल्या १२ शब्दांसह आणि १२ बिनशब्दांच्या. शिकवायला याहून चांगलं काही मला माहीत नाही. गोव्यातल्या तुमच्या मित्रांना मोटेट म्हटल्यावर 'मोतेत', प्रायश्चित्तकाळातली ती व्हायोलिनबरोबरची गाणी आठवतील. शब्द तोच, गाणी मात्र पुढच्या काळातली आणि तिथल्याच संगीतकारांची. तीही शोधण्यासारखी आहेत. मास्तरांच्या कपाटात हाताने लिहिलेल्या वह्या असल्या तर त्या आधी मोबाइलवर फोटो काढून जपा, कारण त्यांची दुसरी प्रत कुठल्याच संकेतस्थळावर मिळणार नाही.

झेरॉक्सचं थोडक्यात. व्हिक्तोरियाचा हक्क केव्हाच संपला. आपल्याकडे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, त्यामुळे १९२२ मध्ये वारलेल्या पेद्रेल यांच्या खंडांचीही चिंता नको. पण आजच्या संपादकाच्या कामावर त्याचा हक्क असू शकतो. इंग्लंडमध्ये २००५ साली अपील कोर्टाने लालांद या जुन्या फ्रेंच संगीतकाराच्या प्रती तयार करणाऱ्या लायनेल सॉकिन्स यांच्या बाजूने, एका रेकॉर्ड कंपनीविरुद्ध, तसा निकाल दिला आहे. म्हणून विकत घेतलेल्या पुस्तकाच्या चौदा झेरॉक्स काढू नका. सीपीडीएलच्या प्रतीवर तिचा परवाना लिहिलेला असतो. बहुतेक प्रती छापून वाटायला आणि गायला मोकळ्या असतात, काहींवर संपादकाने स्वतःच्या अटी घातलेल्या असतात. ती ओळ वाचा, आणि तळातलं संपादकाचं नाव झेरॉक्समध्ये कापलं जाणार नाही एवढं पाहा.

आणि झेरॉक्स काढण्याआधी एक काम. मास्टर प्रतीवर नोटांच्या खाली लॅटिन शब्द देवनागरीत लिहून घ्या. न वाचणाऱ्यांचा अर्धा वेळ स्पेलिंगमध्ये जातो, आणि रोमन उच्चार आपल्या लिपीत इतके चपखल बसतात की इंग्रजांनी हेवा करावा. मान्युम, आन्युस, चेर्वुस, आक्वारुम. 'मिहि' असं दिसलं तर चर्चच्या जुन्या रिवाजाने 'मिकी' लिहा. पहिल्या दिवशी सगळे उंदराच्या नावाने हसतील, तो वेळ प्रॅक्टिसमध्ये धरूनच ठेवा.